गिऱ्हाईक इथलं, गल्ला सिंगापूरचा

जाहिरात करताना अस्सल भारतीय. आधार, पॅन, सेल्फी मागताना तहसील कार्यालयाहून कडक. टीडीएस कापताना देशभक्त. आणि पैसे परत द्यायची वेळ आली की थेट सिंगापूरकर. क्रिप्टो एक्स्चेंज नावाच्या दुकानाची ही चार रूपं ज्याने एकाच खात्यात पाहिली, त्याला जगप्रवासाला वेगळं जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतून हलायचंही काम नाही. घरबसल्या सगळं होतं, फक्त परतीचं तिकीट मिळत नाही.

तारीख १८ जुलै २०२४. मुंबईत जन्मलेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी नाणी गेली. ग्राहकांच्या एकूण ठेव्यातला हा जवळजवळ ४५ टक्के हिस्सा. त्या वॉलेटला सहा किल्ल्या होत्या. पाच वझीरएक्सकडे, सहावी लिमिनल नावाच्या राखणदार कंपनीकडे. चोरी झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या तीन सरकारांनी मिळून सांगितलं की चोर उत्तर कोरियाचे. म्हणजे गिऱ्हाईक मराठवाड्यातलं, दुकान मुंबईचं, चोर प्याँगयांगचा. पंचनाम्याला कोणत्या ठाण्याचा जमादार पाठवायचा ते तुम्हीच ठरवा.

पुढचा भाग मात्र चोराचा नाही, सावाचा आहे, आणि तो जास्त वाचनीय आहे.

चोरीला दहा दिवस होत नाहीत तोच कंपनीने तोडगा काढला. प्रत्येकाच्या खात्यातले ५५ टक्के मोकळे, ४५ टक्के अडकलेले. ज्याची नाणी चोरीला गेली त्याचेही ४५ आणि ज्याची शाबूत होती त्याचेही ४५. चोरी झाली ती इथेरियमच्या जाळ्यावरच्या नाण्यांची, पण ज्याच्याकडे एक्सआरपी नावाचं वेगळंच नाणं होतं त्यानेही या दुखवट्यात वर्गणी द्यायची. याला म्हणे तोट्याचं सामाजिकीकरण. कंपनी कमिशन कमवत होती तेव्हा नफ्याचं सामाजिकीकरण करायचं कुणाला कसं सुचलं नाही, हा खवचट प्रश्न मी विचारत नाही. ग्राहकांनी विचारला, सोशल मीडियावर खडे फोडले, आणि कंपनीने तो तोडगा गुंडाळला.

बरं, नाणी तर नाणी. साधे रुपये? बँकेतून पाठवलेले, गांधीजींचं चित्र असलेले रुपये? त्यातलेही ६६ टक्केच सुरुवातीला काढता आले. उरलेले ३४ टक्के तपास यंत्रणांच्या कारवाईत आणि वादात अडकलेत, असं सांगण्यात आलं. हॅकरने रुपयांना हातही लावला नव्हता.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनी सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेली. तिथेच का? तर मुंबईची झानमाई लॅब्स ही फक्त रुपयांची देवघेव बघते, नाणी सांभाळते ती सिंगापूरची झेटाई, असं आता ग्राहकांना कळलं. आता म्हणजे पैसे अडकल्यावर. त्याआधी कंपनीचा मालक कोण, याचाही एक प्रयोग होऊन गेला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये बायनान्स या परदेशी एक्स्चेंजने वझीरएक्स विकत घेतल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ईडीने झानमाईची सुमारे ६४ कोटी ६७ लाखांची बँक खाती गोठवली, आणि लगेच बायनान्सच्या प्रमुखाला आठवलं की आपण ती खरेदी पूर्ण केलीच नव्हती. वझीरएक्सचे निश्चल शेट्टी म्हणाले, केली होती. हे भांडण झालं ट्विटरवर, जगासमोर, आणि लाखो लोकांचे पैसे ज्या दुकानात होते त्या दुकानाचा मालक कोण हे त्या लाखोंना त्या दिवशीही कळलं नाही.

जाधववाडीच्या मोंढ्यात एखाद्या आडत्याने शेतकऱ्याचा माल उतरवून घेतला, काटा केला, हमाली-तोलाई कापली, आणि पट्टीचे पैसे मागितल्यावर सांगितलं, ‘काटा माझा, पण पेढी सिंगापूरची. तिकडच्या कोर्टाने आमचं देणं चार महिने थांबवलंय,’ तर काय होईल? बाजार समितीचे सचिव येईपर्यंत हमालांनीच निकाल लावलेला असेल. इथे मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या न्यायालयाने खरोखरच चार महिन्यांची स्थगिती दिली आणि आपल्याकडच्या लाखो शहाण्यांनी गपगुमान ईमेल तपासत बसायचं ठरवलं. करणार काय? मोर्चा न्यायचा तरी कुठे?

आपल्या शहराला मोर्चाचा अनुभव कमी नाही. आदर्श नागरी पतसंस्थेत पैसे बुडाले तेव्हा ठेवीदार रस्त्यावर उतरले. बिडकीन भागात जमिनीच्या मोबदल्याचा पैसा ‘तीस-तीस’ नावाच्या योजनेत गेला तेव्हाही गावोगावी बोंब झाली. त्या प्रकरणांत न्याय किती मिळाला हा वेगळा विषय आणि तो फार आनंदाचा नाही. पण निदान दार माहीत होतं. फिर्याद घ्यायला पोलीस ठाणं होतं, ठेवीदारांच्या हितासाठी राज्याचा १९९९ चा कायदा होता, शिव्या द्यायला संचालक होते. सिंगापूरच्या रोखाने शिवी द्यायची तर आवाज किती काढायचा?

तिकडे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगितलं तर संपादक कापतील. कंपनीने देणी फेडायची योजना मांडली. ऑनलाइन मतदान झालं, नव्वद टक्क्यांहून अधिक लोक ‘हो’ म्हणाले. म्हणणारच. योजना नाकारलीत तर वसुलीला २०३० उजाडेल, हे कंपनीनेच आधी सांगून ठेवलं होतं. दावा मोजायचा तो १८ जुलै २०२४ च्या भावाने. त्या दिवशी बिटकॉइन ६५ हजार डॉलरच्या आसपास, त्याच डिसेंबरात एक लाखाच्या वर. लोकांनी आपलीच नाणी वर जाताना पाहिली, दुसऱ्याच्या शेतातला ऊस पाहावा तशी. ४ जून २०२५ रोजी सिंगापूरच्या न्यायालयाने ही योजना नामंजूर केली, कारण मधल्या काळात सिंगापूरने स्वतःचे नियम आवळले होते आणि कंपनीने कारभार पनामाला हलवायचा बेत मांडला होता. हो, पनामा. कालवा असलेलं ते. पुन्हा सुधारित योजना, पुन्हा मतदान, यावेळी ९५ टक्क्यांवर, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अखेर मंजुरी. २४ ऑक्टोबरला दुकान उघडलं. चोरी होऊन पंधरा महिने झाले होते.

या काळात आपल्याकडे? एप्रिल २०२५ मध्ये ५४ ग्राहक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितलं, हा धोरणाचा विषय आहे. धोरण कुठे आहे? ते यायचं आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला बँकांना क्रिप्टोपासून लांब राहायला सांगितलं, ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, आणि तेव्हापासून आपण अशा अवस्थेत आहोत की बंदी नाही, परवाना नाही, कर मात्र आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करायचा नाही. एक्स्चेंजच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी आहेच. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे. तरी बरं, हे भांडण घरातलं आहे, सीमेपलीकडचं नाही.

आता खरी गंमत. मला वाटत होतं की या भानगडीत आपला ग्राहक कायदा कमकुवत असेल. तो तसा नाही.

माझा भाचा वाळूजच्या एका कंपनीत आहे. त्याचे पैसे वझीरएक्समध्ये नव्हते, दुसऱ्याच एका दुकानात आहेत. नाव सांगत नाही, कारण त्या दुकानाचे वकील अजून तरी सिंगापूरला गेलेले नाहीत. पैसे काढायला गेलं की ‘देखभालीचं काम सुरू आहे’ असा निरोप येतो. देखभाल कसली ते कुणी सांगत नाही. ‘‘मामा, पैसे कुठं गेले नाहीत, दिसायलेत की,’’ असं म्हणून तो मोबाइल माझ्यासमोर धरतो. दिसतात खरे. अदालत रोडवर ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे त्याला घेऊन गेलो.

बाईंनी आधी एक्स्चेंजच्या अटी-शर्तींची झेरॉक्स मागितली. मग पेन्सिल घेऊन बसल्या. पहिल्या पानावर भारतातली कंपनी, तिथे एक गोल. मधे कुठेतरी ‘सेवा समूहातील अन्य कंपनीमार्फत पुरवली जाऊ शकते’, तिथे दोन गोल. शेवटून दुसऱ्या पानावर वाद झाल्यास लवाद, लवादाचं ठिकाण परदेशात, भाषा इंग्रजी. तिथे त्यांनी गोल केला नाही, नुसतीच पेन्सिल आपटली.

‘‘यावर सही कधी केली?’’

‘‘सही नाही मॅडम. ‘आय अ‍ॅग्री’ दाबलं होतं. सगळेच दाबतात.’’

‘‘गैरअर्जदार कोण लिहू मग? पत्ता कुठला? नोटीस कुठे पाठवू?’’

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

पण बाई खचल्या नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ३४. पूर्वी सामनेवाल्याच्या गावी किंवा जिथे कारण घडलं तिथे जाऊन तक्रार करावी लागायची. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात अर्ज चालतो. म्हणजे कंपनी मुंबईची असो, सिंगापूरची असो की पनामाच्या कालव्यात तरंगणारी असो, भाचा वाळूजला नोकरी करतो आणि बजाजनगरला राहतो एवढं छत्रपती संभाजीनगरच्या आयोगाला पुरतं. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. शून्य म्हणजे खरंच शून्य. कोर्टाच्या आवारात इतकं स्वस्त दुसरं काही मिळत नाही, चहासुद्धा नाही.

लवादाचं काय? तेही बाईंनी निकालात काढलं. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २०१८. करारात लवादाची अट आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. बिल्डरांनी हीच युक्ती वापरली होती, तिथेच ती अडवली गेली. २०१९ च्या कायद्यातलं कलम १०० तर सांगतंच की हा उपाय इतर कायद्यांच्या जोडीने आहे, त्यांच्याऐवजी नाही.

आणि परदेशी कंपनी? २०२० चे ई-कॉमर्स नियम उघडा. भारतात नोंदलेली नसली, पण भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा विकत असेल, तर तिलाही नियम लागू. तक्रार अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. मूळ कायद्यातल्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचाही उल्लेख आहे. आता बिटकॉइनहून जास्त डिजिटल उत्पादन कुठलं शोधायचं?

भाचा खूश. ‘‘म्हणजे मॅडम, केस पक्की?’’

बाईंनी चष्मा काढला. वकिलाने चष्मा काढला की समजावं, आता कलम २ येणार.

कलम २, पोटकलम ७. ग्राहक कोण? जो ‘व्यावसायिक हेतूने’ माल किंवा सेवा घेतो तो ग्राहक नाही. अपवाद एकच, माल स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर. शेअर बाजारात नियमित उलाढाल करणाऱ्यांना राष्ट्रीय आयोगाने याच दारातून अनेकदा बाहेर काढलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शेअर दलालाला बँकेविरुद्ध ग्राहक मानायला नकार दिला, तोही याच मुद्द्यावर. त्यामुळे एक्स्चेंजच्या वकिलाचं पहिलं वाक्य ठरलेलं: हा ग्राहक नाही, हा सट्टेबाज आहे.

माझं डोकं इथे फिरतं. जाहिरातीत म्हणायचं ‘तुमच्या भविष्यासाठी’, आयोगात म्हणायचं ‘सट्टेबाज’. खातं उघडताना हाच भाचा ‘आदरणीय ग्राहक’ होता, ईमेलच्या मथळ्यात तसं छापलेलं आहे. त्याच्याकडून सेवेचं कमिशन घेतलं, त्यावर सेवा म्हणून जीएसटी भरला. सेवा दिली, कर घेतला, पण सेवा घेणारा कुणी नव्हताच? नफ्याच्या आशेने पैसे ठेवले म्हणून तो ग्राहक नाही म्हणाल, तर बँकेत मुदत ठेव ठेवणारे काका काय धर्मादाय करतात? त्यांना व्याज हवंच असतं, आणि ठेव परत मिळाली नाही तर आयोग त्यांना ग्राहक मानतो. भाच्याची तक्रार भाव पडला अशी नाहीच. भाव पडला असता तर तो घरी बसून बायकोच्या शिव्या खात राहिला असता. तक्रार एवढीच आहे की सांभाळायला दिलेली वस्तू मागितल्यावर परत दिली नाही. यात सट्टा कुठे आला? सायकल स्टँडवर लावलेली मोटारसायकल परत मागणाऱ्याला तू शर्यतीत भाग घेतोस का, असं कुणी विचारत नाही.

करार अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर त्यातही एक मेख आहे. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात न्यावी लागते. म्हणजे दोन-तीन लाखांसाठी भांडणाऱ्या माणसाने सिंगापूरच्या अटीला ‘अन्याय’ म्हणायचं तर आधी एक पायरी वर चढायचं. नुसतं ‘सेवेत त्रुटी’ म्हटलं तर खालीच भागतं. त्यामुळे शहाणा वकील अन्यायाला अन्याय म्हणत नाही, त्रुटी म्हणतो.

योगायोग बघा. १९६१ च्या आयकर कायद्यात आभासी डिजिटल मालमत्तेची व्याख्या कलम २(४७ए) मध्ये बसवली. ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४७) म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा. दोन्ही कायदे करणाऱ्यांची गाठ पडली नसावी, पण आकड्यांची पडली.

बाहेरच्या देशांत हेच प्रश्न आले, आणि तिथल्या न्यायाधीशांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. कॅनडात बायनान्सच्या ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. कंपनी म्हणाली, हाँगकाँगला या, लवाद तिथे. ऑन्टॅरिओच्या न्यायालयाने हिशोब मांडला: लवादाचा खर्च सुमारे ३६ हजार डॉलर, आणि सर्वसाधारण ग्राहकाची गुंतवणूक पाच हजारांच्या आसपास. पाच हजार मिळवायला ३६ हजार घालवायचे. अट अन्यायकारक ठरली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केलं. लंडनमध्ये २०२३ साली याहून भारी. क्रॅकेन या एक्स्चेंजने कॅलिफोर्नियातला लवादाचा निवाडा आणला आणि इंग्लंडमध्ये बजावायला घेतला. समोरचा ग्राहक सहा लाखांहून अधिक पौंड घालवलेला, आणि पेशाने वकील. कंपनी म्हणाली, हा कसला भोळा ग्राहक? न्यायालय म्हणालं, वकील असला तरी हे खातं त्याच्या वकिलीचं नव्हतं, तो ग्राहकच, आणि आमचे ग्राहक कायदे कॅलिफोर्नियाच्या लवादात विचारातच घेतले जाणार नसतील तर तो निवाडा इथे चालणार नाही. युरोपने तर ३० डिसेंबर २०२४ पासून सगळ्या एक्स्चेंजना परवान्याच्या चौकटीतच आणलं आहे.

आपल्याकडेही दिवा अगदीच विझलेला नाही. २५ ऑक्टोबर २०२५ ला, वझीरएक्सचं दुकान पुन्हा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहक महिलेच्या बाजूने आदेश दिला. तिचं एक्सआरपी हॅकमध्ये गेलंच नव्हतं, तरी गोठवलं होतं. कंपनी म्हणाली, लवाद सिंगापूरला, योजना सिंगापूरची, सबब चेन्नईने मध्ये पडू नये. न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी बघितलं काय? तर पैसे चेन्नईच्या बँक खात्यातून गेले आहेत. मग मालमत्तेचा धागा इथे आहे. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती दुसऱ्यासाठी विश्वासाने सांभाळता येते, आणि जी चोरीला गेलीच नाही तिच्यावर दुसऱ्याच्या चोरीचा बोजा टाकायला त्यांनी नकार दिला. लवादाचा निकाल लागेपर्यंत सुमारे साडेनऊ लाखांची बँक हमी द्या, असा आदेश झाला. हा ग्राहक आयोगाचा निकाल नाही, लवाद कायद्याखालचा अंतरिम दिलासा आहे, आणि असा दिलासा मिळवायला उच्च न्यायालयाचे वकील लागतात. पण सिंगापूरला जायची बस चेन्नईतच अडवता येते, एवढं तरी त्यातून दिसलं.

आणि सरकार? सरकार झोपलेलं आहे, असा गैरसमज करून घेऊ नका. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोच्या धंद्याला मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलं. डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा धाडल्या, जानेवारीत त्यांची संकेतस्थळं बंद पाडली. बायनान्स धावत आलं, नोंदणी केली, १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला. बायबिटला ९ कोटी २७ लाख. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी २५ परदेशी दुकानांना नोटिसा. म्हणजे सीमा ओलांडून कंपनीची कॉलर धरता येते, संकेतस्थळ बंद करता येतं, दंड वसूल होतो. हात लांब आहेत. फक्त दंडाची रक्कम तिजोरीत जाते आणि ग्राहकाचं ‘देखभालीचं काम’ सुरूच राहतं. सरकारला एवढंच कळायला हवं असतं की हा पैसा गुन्हेगाराचा आहे का. तो कामगाराचा आहे हे कळलं तर त्याचं पुढे काय करायचं, याचं परिपत्रक निघालेलं नाही.

लोक मात्र ‘रजिस्टर्ड आहे हो’ म्हणून पैसे घालतात. नोंदणी गुप्तवार्ता विभागाकडे, ती काळ्या पैशाच्या पहाऱ्यासाठी. तुमचा पांढरा पैसा सुरक्षित राहील, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. खरं सांगायचं तर या धंद्यात सगळ्यात प्रामाणिक वाक्य जाहिरातीखालीच असतं. एप्रिल २०२२ पासून जाहिरात मानक परिषदेने सक्तीने छापायला लावलेलं ते वाक्य सांगतं की हे उत्पादन अनियंत्रित आहे, धोक्याचं आहे, आणि बुडालात तर दाद मागायला नियामक नसेल. पण ते इतक्या बारीक अक्षरात आणि इतक्या वेगात जातं की लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींनीही हात टेकावेत.

तर वकीलबाईंचा प्रश्न अजून तसाच होता. गैरअर्जदार कोण? अटी-शर्तींतल्या कंपन्या एकमेकींच्या आड लपलेल्या, ग्राहक सेवेचा नंबर म्हणजे एक चॅटबॉट, तक्रार अधिकाऱ्याच्या नावाच्या जागी नुसता ईमेल.

‘‘रिटर्न भरतोस ना?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हो मॅडम, रिफंड येतो ना.’’

‘‘मग फॉर्म २६एएस काढ.’’

काढला. तिथे सगळं होतं. प्रत्येक विक्रीवर कापलेला १ टक्का, तारखा, रकमा, आणि कर कापणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव, सोबत तिचा टॅन क्रमांक. अटी-शर्तींत जी कंपनी सापडत नव्हती ती आयकर खात्यापुढे हात बांधून उभी होती. टॅन असलेली कंपनी, म्हणजे पत्ता शोधायला कंपनी निबंधकाकडची नोंद पुरते, आणि ती नोंद भारतातली निघाली.

बाईंनी गैरअर्जदार क्रमांक १ म्हणून ते नाव लिहिलं, सिंगापूरच्या कंपनीला क्रमांक २ वर टाकलं. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, ती अजून शिल्लक आहे. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या संकेतस्थळावर चढवला. दावा पाच लाखांच्या आतला, फी शून्य. ‘ग्राहक असल्याचा पुरावा’ म्हणून पहिला कागद जोडला तो आयकर खात्याचा.